आषाढातला पंचनामा

फार पूर्वी, राजेलोकांना हवापालटाची नुकतीच सवय लागली होती त्या काळी, समुद्रकाठच्या एका गावात एक म्हातारा तांडेल राहत असे. पन्नास वर्षे त्याने होडी चालवली होती. गावाच्या किनाऱ्यावर दर माघात कासवी येत, वाळूत अंडी घालत आणि निघून जात. कोल्ह्याकुत्र्यांनी ती उकरू नयेत म्हणून तांडेल प्रत्येक घरट्यावर काटेरी फांद्या रचून ठेवी. हे काम त्याला कुणी सांगितले नव्हते, त्यामुळे ते नीट होत असे.

राजाला त्याच किनाऱ्यावर पाहुण्यांसाठी महाल बांधायचा होता. अडचण एकच होती. कासवी जिथे अंडी घालते तिथे वीट लावू नये, अशी त्याच्या आजोबांची आज्ञा होती. आजोबांची आज्ञा मोडणे हे पाप. ती इथे लागूच होत नाही असे ठरवणे, हा कारभार. म्हणून राजाने पाहणीसाठी अंमलदार पाठवला. अंमलदार हुशार होता. तो आषाढात आला.

भर पावसात त्याने किनारा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला आणि पंचनामा लिहिला : आज रोजी येथे कासव, कासवाचे अंडे अथवा माग आढळला नाही. खाली गावातल्या जाणत्या माणसाचा अंगठा हवा होता, आणि जाणता कोण हे सर्वांना ठाऊक होते. तांडेलाने अंगठा दिला नसता तर महाल कागदावरच राहिला असता.

तांडेल म्हणाला की कासवी माघात येतात.

"तात्या, आज एखादी दिसते का?" अंमलदाराने विचारले.

"आज नाही."

"मग यातला कोणता शब्द खोटा आहे?"

तांडेलाला एकही सापडेना. शिवाय बोलता बोलता अंमलदाराने सांगितले होते की महालाला राखणदार लागेल, पगार बारमाही मिळेल आणि राहायला न गळणारी खोली. तांडेलाची होडी जुनी झाली होती, आणि गुडघे होडीहून जुने.

त्याची बायको टोपली घेऊन बाजूला उभी होती. ती म्हणाली, "सरकार, आमच्या होड्याही सध्या झावळ्यांखाली उपड्या पडल्यात. या गावात कुणी मासे मारत नाही, असंही लिहून टाका."

अंमलदार हसला. लिहिले मात्र नाही. ते त्याच्या पाहणीत बसत नव्हते. तांडेलाने बायकोकडे न बघता अंगठा उमटवला.

दीड वर्षात महाल उभा राहिला. वाळूचा उंचवटा सपाट झाला आणि भरतीच्या रेषेवर दगडी भिंत आली. तांडेलाला खोली मिळाली. ती खरोखरच गळत नव्हती.

माघातल्या एका सकाळी एक कासवी पाण्यातून वर आली आणि भिंतीला थडकली. भिंतीच्या कडेकडेने ती शेवटपर्यंत गेली, परत आली, आणि मागच्या पायांनी पायरीचा दगड उकरू लागली. पाहुणे जमले. हा कार्यक्रम रोज किती वाजता असतो, असे एकाने राखणदाराला विचारले.

शेवटी कासवी दमली. ओल्या वाळूवरच अंडी टाकून ती समुद्रात गेली, आणि लाटा ती एकेक करून ओढून नेऊ लागल्या. तांडेलाने डोक्याचे मुंडासे सोडले आणि हाती लागली तेवढी अंडी त्यात गोळा केली. पण ती पुरायची कुठे? सगळी कोरडी वाळू आता महालाखाली होती.

ते मुंडासे छातीशी धरून तो अंमलदाराच्या कचेरीत गेला आणि माझा अंगठा मला परत द्या, म्हणाला.

अंमलदाराने दप्तर सोडले, पंचनामा काढला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत शांतपणे वाचून दाखवला. "चूक दाखवा तात्या, दुरुस्त करू."

"महिना चुकला, साहेब. माघात बघायला हवं होतं."

"आषाढ लिहिलेला आहे की," अंमलदार म्हणाला, "वर, कोपऱ्यात."

तांडेल कागदाकडे बघत उभा राहिला. त्याला वाचता येत नव्हते. दारातून ऊन आत आले होते आणि मुंडाशातली अंडी तापत होती.

तात्पर्य : विचारले तेवढेच खरे सांगणाऱ्याने, आपण खोटे बोललो नाही, एवढे समाधान खुशाल मानावे. त्या समाधानाच्या उबेने अंडी फुटून पिल्ले बाहेर येत नाहीत.