लंगडा र

"पण ह्यात चूक काय आहे, चाचा?"

ऋजुतानं तिसऱ्यांदा विचारलं. मिरजेच्या बाजारातल्या आपल्या दुकानात दस्तगीर पेंटर एका कॅन्टीनची पाटी रंगवत होते. तिनं आणलेला कागद त्यांनी समोरच्या खुंटीला लटकवला होता.

कागदावर त्यांचंच अक्षर होतं. चाळीस वर्षं त्यांनी गावभर रंगवलेलं, गप्पा मारता मारता लिहिल्यासारखं मोकळं. परदेशात शिकून गावी परतलेल्या ऋजुतानं दोन वर्षं खपून त्याचा फॉन्ट केला होता. आता त्याला चाचांचंच नाव द्यायचं, असा तिचा हट्ट. त्यांच्या होकारावाचून सगळं अडलं होतं.

"चूक कुठं म्हटलं मी? हे कुठं कुठं चालायचं, ते सांग."

"लग्नपत्रिका, चहाची टपरी, पुस्तकाचं कव्हर…"

"स्मशानाची पाटी?"

"तिथंही. अक्षर खरं असलं की कुठंही शोभतं."

चाचांनी ब्रशची दांडी कागदावरच्या 'र'वर टेकवली.

"ह्याचा पाय का लंगडतोय?"

"तीच तर तुमची खूण. हाताची मस्ती. त्या एका 'र'वर मी अकरा पानं लिहिली आहेत."

"अकरा…"

चाचांनी उजवा अंगठा तिच्यापुढं धरला. पेरावर जुना, पांढरा व्रण होता.

"रंगाच्या डब्याच्या झाकणानं कापला. महिनाभर पट्टी होती. तुझा जन्म व्हायचा होता तेव्हा."

ऋजुता कागद काढायला उठली.

"सरळ करते मी तो."

"बस खाली. पट्टी सुटल्यावर मीपण सरळ केला होता. गिऱ्हाईक पाटी घेऊन परत आलं. म्हणालं, ही दस्तगीरची वाटत नाही." चाचांनी अंगठा वाकवून दाखवला. "तेव्हापासून लंगडतोय. धडधाकट अंगठ्यानं."

ऋजुता परत खाली बसली.

"लाव माझं नाव. बाजारात जायचंय ना त्याला? जाऊ दे लंगडत."

होकार मिळाला होता. तरी ऋजुता हलेना.

"मग तुमचा खरा 'र', चाचा…?"

चाचांनी ब्रश नदीकडं रोखला. घाटावर 'अंत्यसंस्कारासाठी' अशी एक साधी, सरळ अक्षरांची पाटी होती. ऋजुता लहानपणापासून तिच्यापुढून ये-जा करत आली होती. ती कुणी लिहिली, हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता.

"ती तुमची? मग तिथं का नाही लंगडला?"

चाचांनी ब्रश रंगात बुडवला आणि कॅन्टीनची पाटी पुढं ओढली.

"तिथलं गिऱ्हाईक पाटी बदलून मागत नाही."