निळ्याचा कातळ

फार जुनी गोष्ट. खाणीतले दगड तेव्हा गिऱ्हाईक बघून बोलायचे. एका काळ्या कातळाच्या पोकळीत निळा स्फटिक वाढला होता. हजार दगड फोडले तरी सापडू नये, असा निळा! पण व्यापाऱ्याच्या फळीवर बसल्यापासून त्याला कातळाची लाज वाटू लागली.

"छिन्नीमावशी, या काळ्याला माझ्यापासून तोडा हो. चारचौघांत बरं दिसत नाही."

"अरे, त्याच्याच पोटात वाढलास ना?"

कातळच म्हणाला, "तोड बाई. फक्त हलक्या हातानं, पोर नाजूक आहे."

निळा सुटला खरा, पण सुट्ट्याला कोणी विचारेना. "याचा कातळ कुठाय? काच दिसतेय," म्हणून लोक पुढं जात. शेवटी व्यापाऱ्यानं त्याला डिंकानं पुन्हा कातळावर चिकटवलं. पुढच्याच गिऱ्हाइकानं भिंग लावलं, डिंक पाहिला आणि ते हसलं. "शेटजी, हा तर खोटा माल!"

निळ्याची मान खाली गेली. तेवढ्यात खालून आवाज आला.

"खोटा नाही हो, साहेब. माझाच आहे. ही बघा, त्याची जागा अजून माझ्या पोटात आहे."

त्यानंतर निळ्याला वर बघवेना.