आडवा हात

“पण सर, जास्त घातलं की जास्त गॅस यायला नको का?”

ऋजुता खंडागळेने हे विचारलं तेव्हा तिच्या हातात खरकट्याची बादली होती. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची ही पोर. वसतिगृहामागची बायोगॅसची टाकी तिनेच मैत्रिणींना जमवून उभी केलेली. महिनाभर शेगडी निळीशार पेटत होती. उद्या पाहणी समिती यायची होती. त्यांचा चहा या शेगडीवर उकळला तर दुसऱ्या टाकीला मंजुरी, नाहीतर हीसुद्धा बंद. मग काय, उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग! बाईसाहेबांनी गेला आठवडाभर रोज दुप्पट खरकटं ओतलं.

ज्योत विझली.

तिला शिकवणाऱ्या हुद्दार सरांनी टाकीच्या तोंडाशी नाक नेलं.

“वास कसला येतोय गं?”

“आंबट. परवापासून येतोय.”

“हं... जेवलीस?”

“जेवण कसलं सुचतंय, सर!”

“चल.”

मेसमध्ये सणाची जिलबी होती. बादली पायाशी ठेवून ती बसली. सर स्वतः वाढायला उभे राहिले. त्यांच्या आग्रहाला नवे जावईसुद्धा वचकून असत.

“घे.”

तिने खाल्ली. पुन्हा वाढली, पुन्हा खाल्ली.

“बास, सर!”

“लाजतेस काय? उद्या समिती आहे, ताकद नको?”

तिने ताटावर हात आडवा धरला. सरांनी बोटांच्या फटीतून एक जिलबी आत सरकवली. शेजारच्या पोरी खो-खो हसल्या.

“सर, आता एक जरी घातलीत ना, खाल्लेलं सगळं बाहेर येईल!”

सर थांबले. वाढायचं पातेलं त्यांनी अलगद खाली ठेवलं... तिच्या बादलीला खेटून.

ऋजुता दोन्हींकडे बघत राहिली. हसू ओसरलं.

“पण सर... मी निदान हात तरी आडवा धरला. टाकीने कुठे धरला?”

“परवापासून धरलाय.”

“परवापासून?”

“तुला वास आला होता ना?”

तिने बादली हळूच बाकाखाली ढकलली.

“उद्या शेगडी पेटणार नाही, सर. समितीला काय सांगू? टाकी बंद करतील ते.”

सरांनी हात धुतले, पंचाला पुसले.

“चहा स्टोव्हवर कर. टाकीला थोडे दिवस उपास घडव, पेटेल पुन्हा. आणि टाकीपाशी आले की म्हणावं, जरा हळू बोला... जेवून झोपलीय ती.”