रिकामटेकडी कडी

"रिकाम्या कड्या किती ठेवल्यास?"

"एकही नाही, बाई."

रेवण बिराजदारानं हे अशा थाटात सांगितलं, की जणू कुस्तीचं मैदान मारून आलाय.

त्याच्या हातात पिवळसर, पातळ पडदा होता. हायड्रोजनवर चालणाऱ्या इंधनघटाच्या मधोमध तो बसवायचा. एका बाजूला हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला हवा आणि पडद्यातून पलीकडे जायचं ते फक्त प्रोटॉननं. त्यासाठी प्लास्टिकच्या साखळीतल्या कड्यांना गंधकाचं आम्ल जोडतात. आम्ल पाणी ओढून घेतं, आणि त्या पाण्याच्या वाटेनं प्रोटॉन जातो. आम्ल जितकं जास्त, तितकी वाट मोठी. रेवणनं तीन वर्षं खपून, आम्ल बसेल अशा प्रत्येक कडीला ते बसवलं होतं. ज्या कड्यांना आम्ल नसे त्यांना तो रिकामटेकड्या म्हणायचा.

हाच शब्द तो हुपरीकरबाईंनाही लावायचा. अर्थात त्यांच्या माघारी. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी बाई रोज प्रयोगशाळेत येत आणि खिडकीशी बसून शब्दकोडं सोडवत. मात्र बाईंनी मान हलवल्याशिवाय विभागातून कुठलाही पडदा चाचणीला जात नसे. नियम नव्हता, रीत होती.

पडदा चाचणीला नेणारी गाडी उद्या सकाळी निघणार होती. चाचणी एकदाच होणार, आणि रेवणची पदवी त्या चाचणीवर अडलेली.

"आकडा बघा ना बाई. प्रोटॉन नुसते धावतायत."

"किती अंशाला मोजलंस?"

"इथंच... खोलीत."

"आणि घट किती अंशाला चालतो?"

"ऐंशी."

शेगडीवर पाण्याचं भांडं होतं, तिकडे बाईंनी पेन्सिल दाखवली. तापमापकाचा काटा ऐंशीवर आला तेव्हा रेवणनं पडद्याची एक पट्टी कापून आत सोडली. परीक्षाच घ्यायची तर घ्या, असं त्याला वाटलं.

"तोवर एक शब्द सांग," बाई म्हणाल्या. "'ज्याला काही काम नाही असा.' सहा अक्षरी. पहिलं अक्षर रि."

रेवणचे कान तापले.

"...रिकामटेकडा, बाई."

"बसला." त्यांनी अक्षरं भरली. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट मजेत होत्या. "आता पट्टी काढ."

चिमटा भांड्यात फिरला. एकदा, दोनदा. पाणी जरा बुळबुळीत लागलं, इतकंच.

"कुठं गेली?"

"विरघळली... पाण्यात. प्रत्येक कडीच पाण्यामागं गेली."

"पाणी पडद्यात यायचं होतं ना रे?"

रेवण स्टुलावर बसला. हळहळला खरा, पण पाठोपाठ हलकंही वाटलं. हे उद्या चाचणीत झालं असतं तर तीन वर्षं पाण्यात गेली असती. इथं गेली ती बोटभर पट्टी. नवा पडदा करायला महिना लागेल, चाचणी तेवढी पुढं जाईल. लागू दे.

बाईंनी खिडकीतली बाटली पुढं सरकवली. आत पाण्यात एक जुना पडदा होता, अखंड. चिठ्ठीवर बाईंचं अक्षर, तारीख अकरा वर्षांपूर्वीची. दर सोमवारी बाई हीच बाटली शेगडीवर ऐंशीपर्यंत तापवायच्या. म्हातारीचा चाळा, म्हणून सगळे हसायचे. रेवण सगळ्यात मोठ्यानं.

त्यानं चिठ्ठी वाचली. आम्ल, शंभरातल्या साठ कड्यांना.

"म्हणजे चाळीस..."

पुढचा शब्द त्याच्या तोंडून निघेना.

"म्हण की. आत्ताच तर सांगितलास."

"चुकलं, बाई." तो खरंच शरमला होता. मग त्याच्यातला विद्यार्थी गप्प बसेना. "पण त्या चाळीस करतात तरी काय?"

बाईंनी खुर्ची उन्हात ओढली आणि कोडं पुन्हा मांडीवर घेतलं.

"कुठं जात नाहीत."