रखमाजी पाटीला मराठी शिकवतो

एका तालुक्याच्या गावात रखमाजी नावाचा एक भोळा गडी राहायचा. इतका भोळा, की 'जरा थांब' म्हटलं की सांगणारा विसरून घरी जाईपर्यंत थांबायचा.

यमुनाक्काच्या कारखान्यात तो कामाला होता. कारखाना म्हणजे दोन खोल्या. तिथं ग्रामपंचायतींसाठी दिव्यांच्या पाट्या बनत. कळा दाबल्या की पाटीवर लाल अक्षरं धावायची.

खडकेवाडीची पाटी सोमवारी जायची होती आणि पाटीला अजून मराठी येत नव्हतं. कुठली कळ दाबली की कुठलं अक्षर उमटायचं, हे सांगणारी फाइल होती अक्काच्या कॉम्प्युटरात. ती पाटीच्या चिमुकल्या यंत्राला समजेल अशी करून आत घालायची होती. नाहीतर तालुकाभर अक्काची शोभा होणार होती.

"रखमाजी, ही फाइल लहान कर आणि यंत्रात घाल," असं म्हणून अक्का जेवायला गेली.

रखमाजीनं फाइल कागदावर छापली. कागदाची घडी घातली. घडीची घडी घातली. सुपारीएवढी झाल्यावर झाकण उघडून यंत्रात कोंबली. यंत्रातून धूर आला.

"अरे देवा! कागद कशाला कोंबलास?" जेवून आलेली अक्का ओरडली. "यंत्राच्या डोक्यात जागा इवलीशी. जे लागत नाही ते फाइलीतून गाळायचं!"

"तसं सांगायचं की अक्का! आता तसंच करतो."

अक्कानं दुसरं यंत्र काढलं. रखमाजी कॉम्प्युटरपुढं बसला. काय लागतं, काय लागत नाही? त्यानं आपलं नाव लिहून बघितलं. र लागला, ख लागला, म लागला, ज लागला. काना, वेलांटी लागली. बाकीची मंडळी नुसतीच बसून होती. त्यानं सगळ्यांना घरी पाठवलं.

अक्कानं 'खडकेवाडी' लिहायला घेतलं. पाटीवर धड उमटला तो एकटा ख.

"माझं नाव मात्र झकास येतंय," रखमाजी म्हणाला.

"अरे बाबा, फाइलीतलं काही म्हणजे काही सोडायचं नाही! असेल ते जसंच्या तसं घ्यायचं."

"तसं सांगायचं की अक्का! आता तसंच करतो."

फाइल जुनी होती. ती लिहिणाऱ्यानं मधे मधे स्वतःसाठी टिपणं लिहून ठेवली होती. ती यंत्राला द्यायची नसतात. रखमाजीनं एक सोडलं नाही. अक्कानं 'क' दाबला. पाटीवर आलं, 'क. हे चुकलंय वाटतं, उद्या बघू.' 'ळ' दाबला. आलं, 'ळ. कंबर भरून आली, आज एवढंच.'

"ऊठ तिथून!" अक्कानं पदर खोचला. "मीच करते."

रखमाजीला वाईट वाटलं. काम शिकायची त्याला फार हौस. तो मागं उभा राहून बघत राहिला.

"हे काय करताय अक्का?"

"हे यंत्र उफराट्या डोक्याचं आहे. एकेका अक्षराला दोन आकड्यांची जोडी असते, त्यातला मागचा आकडा हे आधी वाचतं. म्हणून त्याला देतानाच जोडीची अदलाबदल करून द्यायची. मग सगळं बरोबर येतं."

आणि खरंच, संध्याकाळी पाटीवर 'खडकेवाडी' झळकलं. रखमाजीनं टाळ्या वाजवल्या आणि मनाशी पक्कं केलं: यंत्राला देताना अदलाबदल!

सोमवारी टेम्पोतून पाटी घेऊन तो एकटाच खडकेवाडीला गेला. ती चावडीवर टांगली. सरपंच सर्जेराव घाईत होते.

"लिहा पाव्हणं. 'उद्या सकाळी दहाला माणसांना देवळापुढं जेवण, जनावरांना दवाखान्यापुढं लस.' मी आचाऱ्याकडं जाऊन येतो."

रखमाजीनं बोटं मोडली आणि जोड्या लावल्या. अदलाबदल केली. पाटीवर धावू लागलं: 'उद्या सकाळी दहाला जनावरांना देवळापुढं जेवण, माणसांना दवाखान्यापुढं लस.'

यंत्र आता सरळ करील म्हणून तो थोडा वेळ बघत राहिला. यंत्रानं काही केलं नाही.

"करील सावकाश," म्हणून तो निर्धास्त झोपला.

खडकेवाडी लिहिलेलं मानणारं गाव. सकाळी बायकांनी म्हशी धुतल्या, शिंगांना तेल लावलं आणि दहाच्या ठोक्याला देवळापुढं आणून उभ्या केल्या. पत्रावळ्या मांडलेल्याच होत्या. म्हशींनी आधी भात खाल्ला, मग पत्रावळ्या खाल्ल्या, मग आचाऱ्याचा टॉवेल खाल्ला. रखमाजी बुंदीची बादली घेऊन, "लाजायचं नाही, सावकाश होऊ द्या," असा आग्रह करत फिरला. गावातले बाप्ये सुईच्या धाकानं उसात दडले. सगळ्यांत आत सर्जेराव.

दवाखान्यापुढं गुरांचे डॉक्टर वीतभर सुई घेऊन ताटकळत बसले होते. अकरा वाजले. एक शेपूट दिसेना. शेवटी बादली हातात घेऊन रखमाजी धावत आला आणि बाही वर करून पुढं उभा राहिला.

"अहो, ही लस म्हशींची आहे!" डॉक्टर म्हणाले.

"म्हशी जेवायला बसल्यात साहेब," रखमाजी म्हणाला. "मला तेवढं लवकर टोचा. दुसरी पंगत खोळंबलीय."