अण्णांची मतं

दामूअण्णा रोज वाचनालयात दृष्टिहीन तान्हाबाईंना पेपर वाचून दाखवत आणि मध्येच रोबो, मोबाइल, निवडणूक अशा सगळ्यांवर आपली मतं ठोकत. एके दिवशी अध्यक्ष नलावड्यांनी बाईंच्या हातात बोलणारा फोन ठेवला. "हा नुसती बातमी वाचतो, मतं देत नाही. उद्यापासून पेपर वाचून दाखवणं बंद."

अण्णांनी चष्मा काढला.

तान्हाबाई म्हणाल्या, "साहेब, माझा लेक सरहद्दीवर आहे. तिकडची बातमी दिसली की अण्णा आधी मनात वाचतात, आणि मला शंका येऊ नये म्हणून तेवढा वेळ रोबोवर बोलत राहतात. हा फोन थांबेल?"

अण्णा चपापले. बाईंना हे कळत नाही, असंच ते समजत होते.

नलावड्यांनी फोन खिशात घातला. "वाचा अण्णा. सावकाश वाचा."