दरवाजावरचा चौथा दगड

कलेक्टर हॅलमसाहेबाने इतिहाससंशोधक नरहरपंत खांबेट्यांना अगदी वात आणला होता. सोनटेक किल्ल्याच्या दरवाजावर साहेबाला इंग्रजी राज्याचा शिलालेख बसवायचा होता आणि मजकूर पंतांनीच लिहायचा होता. नाही म्हटलं तर पंतांना किल्ल्यावर पाऊल ठेवायला बंदी!

पंतांनी मसुद्यामागून मसुदे दिले. साहेबाचं एकच पालुपद, "यात जोर नाही. आमचं राज्य कायम राहणार, असं ठणकावून लिहा!"

शेवटी पंत वैतागून म्हणाले, "चला दरवाजापाशी, तिथेच लिहून देतो."

साहेबामागे अख्खं गाव गोळा झालं. दरवाजावर एकाखाली एक तीन जुने लेख होते. पंतांनी ते मोठ्याने वाचले.

"हा यादवांचा. चंद्रसूर्य असेतोवर आमचं राज्य राहील. त्याखाली सुलतानाचा. कयामतीपर्यंत राहील. त्याखाली मराठ्यांचा. पुन्हा चंद्रसूर्य!"

गावकरी हसू लागले. साहेब लालबुंद झाला. "आणि आमचा?"

"तुम्हीही तेच लिहा हो, माझी ना नाही! फक्त खाली हातभर जागा सोडा. पुढच्यांचा मजकूरही मलाच लिहावा लागणार आहे."